पाचवा रकाना

कर्वेनगरातल्या त्या मैदानाला दोन फाटकं होती. मोठं फाटक शाळेच्या अंगाला, लहान फाटक मधुमालती सोसायटीच्या भिंतीला चिकटून. श्याम गानू यायचे ते नेहमी लहान फाटकातून, संध्याकाळी पाचला पाच मिनिटं कमी असताना. मुरलेल्या नटानं विंगेतून यावं तसे यायचे. पावलात घाई नाही, पण माणूस आला हे सगळ्यांना कळायचं. इस्त्रीचा पांढरा सदरा, पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी आणि काखेत पुठ्ठ्याच्या बांधणीची लांब वही. शिट्टी ते वाजवत नसत. वही मात्र रोज उघडत.

त्या वहीनंच शेवटी बालोदय फुटबॉल क्लबचा घात केला.

गानू मूळचे नारायण पेठेतले. वडील छापखान्यात खिळे जुळवायचे, घर दोन खोल्यांचं, भावंडं पाच. नदीपात्रात पेठेतली पोरं अनवाणी फुटबॉल खेळायची आणि सगळ्यांत किडकिडीत म्हणून श्यामला गोलात उभं करायची. गोलात उभ्या राहिलेल्याकडे एरवी कुणी बघत नाही, चेंडू निसटला की मात्र अख्खी पेठ बघते, हे त्यांना बाराव्या वर्षी कळलं. पुढं एका सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागले आणि तेहतीस वर्षं आवक-जावक विभागात बसले. आलेल्या प्रत्येक कागदाला नंबर घालायचा, तारीख घालायची आणि उत्तर जाईपर्यंत त्याचा पिच्छा सोडायचा नाही. बाकीचे या कामाला शिक्षा म्हणायचे. गानूंना ते कीर्तनासारखं लागत गेलं. नंबर पडलेल्या कागदाला उत्तर गेलंच पाहिजे, हा त्यांचा धर्म झाला.

पेठ सोडून ते कर्वेनगरात राहायला आले, ते मैदानापासून दोन गल्ल्या सोडून. मैदान एका शिक्षणसंस्थेचं. शाळा सुटल्यावर ते ओस पडायचं. गानूंनी संस्थेला अर्ज केला, परवानगी मिळवली आणि आजूबाजूची पंधरा पोरं गोळा करून क्लब काढला. दर जूनमध्ये परवानगीचं पत्र नव्यानं यायचं. पंचवीस-तीस वर्षं ते नुसतं सोपस्कार म्हणून येत राहिलं. कचेरीतून सुटले की गानू मैदानावर, निवृत्त झाले तेव्हा तर काय, मैदानावरच. मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली, पत्नी गेली, त्या दिवशीचा सराव तेवढा बुडला. दुसऱ्या दिवशी पाचला पाच कमी असताना लहान फाटक वाजलं.

वही सुरू झाली ती कुरडयांवरून. दहा-अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मधुमालती तेव्हा तीन मजल्यांची साधी इमारत होती आणि तळमजल्यावरच्या शालन देवस्थळींनी मागच्या अंगणात चादरीवर कुरडया वाळत घातल्या होत्या. भिंतीवरून चेंडू आला आणि चादरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत टप्पे घेत गेला. शालनताई मोडक्या कुरडया सुपात घेऊन मैदानात आल्या, मागोमाग निम्मी सोसायटी. त्या चिडून ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "गानूसर, चेंडू तुमचा, कुरडया माझ्या. उन्हाळा मात्र दोघांचा एकच आहे. तो मला परत कोण देणार?"

गानू रात्रभर तळमळले म्हणतात. दुसऱ्या दिवशी लहान फाटकापाशी पत्र्याची पेटी ठोकली गेली, तिच्यात सरावाच्या वेळेपुरती वही आणि दोऱ्याला बांधलेलं पेन. वहीला गानूंनी स्वतः आखलेले पाच रकाने: अनुक्रमांक, तारीख, तक्रारीचं स्वरूप, केलेली कार्यवाही आणि पाचवा, तक्रारदाराची समाधानदर्शक सही. पहिली तक्रार त्यांनी स्वतःच शालनताईंच्या वतीनं लिहिली. कार्यवाहीत लिहिलं, 'तक्रार योग्य. संबंधित खेळाडू आईसह जाऊन माफी मागून आला. भिंतीवर सहा फूट जाळी बसवली.' आणि पुढच्या उन्हाळ्यात क्लबच्या नऊ पोरांनी शालनताईंच्या अंगणात बसून सोऱ्या फिरवला, हे वहीत नाही, पण सगळ्या गल्लीला ठाऊक आहे.

वही गाजली. पुण्यातल्या माणसाला बोलण्यापेक्षा लिहिताना जास्त धार येते. एकानं लिहिलं, 'आपले खेळाडू गोल झाल्यावर ओरडतात. गोल हुकल्यावरही ओरडतात. आनंद नक्की कशाचा असतो ते कळवावे.' गानूंचं उत्तर, 'दोन्हीचा. तक्रार योग्य. यापुढे टाळ्या वाजवतील.' कुणीतरी भटक्या कुत्र्यांबद्दल लिहिलं. उत्तर, 'कुत्र्यांचा क्लबशी संबंध नाही. तरी समज दिली आहे.' दुपारच्या झोपेत शिट्टी ऐकू येते, अशी तक्रार आली, तेव्हा रविवारच्या सामन्यांतून शिट्टी गेली आणि तिच्या जागी पिवळा रुमाल आला. पालकांच्या दुचाक्या फाटकात लागतात म्हणून पालकांनी चालत यायचं ठरलं. शिवी ऐकू आली म्हणून शिवी देणाऱ्यानं आठवडाभर मैदान झाडलं. बहुतेक ओळींपुढं गानूंच्या मोत्यासारख्या अक्षरात 'तक्रार योग्य' आणि मग केलेला उपाय.

पाचवा रकाना तेवढा रिकामा राहिला. सही मागायला गानू कधी कुणाच्या दारात गेले नाहीत. ज्याचं काम झालं त्यानं आपणहून येऊन सही करावी, आपण मागितली तर ती सही कसली, असं त्यांचं म्हणणं.

मैदानाची देखभाल संपत करायचा. तो इथल्याच मूळ गावातला. याच जमिनीवर त्याच्या आजोबांनी ज्वारी काढली होती. आता तो तिच्यावर पाणी मारायचा आणि चुन्याच्या रेघा ओढायचा. त्याला वहीचं कौतुक नव्हतं. तो म्हणायचा, "सर, लोकं रागानं दोन शब्द बोलली असती आन् विसरली असती. तुमी त्यांना लिवायला शिकवलं."

मग मधुमालती पाडली आणि तिच्या जागी अकरा मजली इमारत उभी राहिली. जुने लोक परत आले, शालनताईंना दुसरा मजला मिळाला, मैदानाकडची गॅलरी. वरच्या मजल्यांवर नवी माणसं आली. त्यांतली नीरजा चौथ्या मजल्यावरची. ती घरून काम करायची आणि तिच्या परदेशातल्या वरिष्ठांचा दिवस आपल्या संध्याकाळी सुरू व्हायचा. तिच्या पाठीमागे ओरडणारी चाळीस पोरं ऐकून एका साहेबानं विचारलं होतं, तू स्टेडियममधून बोलतेस का. तिला त्याचं हसू आलं नाही, कारण नोकरी नवी होती. नीरजाला खलनायिका करणं सोपं आहे, पण ते खरं नाही. तिच्या तक्रारी मुद्देसूद असत आणि गानू त्यांच्यापुढं नेहमी 'योग्य' लिहीत. पुढं ती सोसायटीची सेक्रेटरी झाली.

त्याच वर्षी शालनताईंचे यजमान अंथरुणाला खिळले. आवाज सोसेना. शालनताईंनी वहीत एकच ओळ लिहिली, 'यांना त्रास होतो.' त्या संध्याकाळी गानूंनी बेचाळीस मुलामुलींना अर्धगोलात बसवलं आणि सांगितलं की उद्यापासून तोंडातून शब्द काढायचा नाही. पास हवा तर हात वर. गोल झाला तर दोन्ही हात वर. चुकलात तर छातीवर हात. ते स्वतः मध्ये उभे राहून दोन रुमालांनी खेळ चालवणार.

तो सराव ज्यांनी पाहिला त्यांना विसरता येणार नाही. चाळीस पोरं धावतायत आणि आवाज फक्त चेंडूचा अन् पावलांचा. गोल झाला की ऐंशी हात हवेत, आणि शब्द नाही. पहिल्या दिवशी चौघांना हसू फुटलं, त्यांना गानूंनी बाहेर बसवलं. तिसऱ्या दिवसापासून गॅलऱ्यांतून माणसं उभी राहायला लागली. अकरा मजले, जशी एखाद्या थिएटरची बाल्कनी. सातव्या दिवशी एक अवघड गोल झाला तेव्हा टाळी वरून पडली, सोसायटीतून. गानूंनी वर पाहून रुमालानं गप्प राहायची खूण केली. तीन आठवडे हे चाललं. मग देवस्थळी गेले. शालनताई नंतर सांगायच्या की शेवटी शेवटी त्यांना चेंडूचा आवाज हवासा वाटायचा. खिडकी लावली तर ते उघडायला लावायचे.

संस्थेनं त्यानंतरच्या जूनमध्ये पत्र पाठवलंच नाही. मालमत्ता विभागात रविराज नावाचा नवा अधिकारी आला होता आणि त्यानं कळवलं की यापुढं परवानगी शेजाऱ्यांचं म्हणणं ऐकून दिली जाईल. दोन्ही बाजूंनी अमुक तारखेला यावं. परवानगी गेली तर बेचाळीस पोरांना दुसरं मैदान नव्हतं. एक ओळखीचं होतं ते शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, वाघोलीला. कर्वेनगरातून पाचला निघालेलं पोर वाघोलीला पोचेपर्यंत बूट घालायला उजेड उरला नसता.

सोसायटीनं निवेदन तयार केलं होतं. त्यात मागणी साधी होती, सातनंतर आवाज नको. एकसष्ट सह्या होत्या. शालनताईंनी सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी गानूंना फाटकात गाठून सांगितलं की त्यातली एक सही त्यांची आहे, आणि सातनंतर नको एवढंच मागितलंय म्हणून केली आहे. गानू म्हणाले, मागणी योग्य आहे, मीही केली असती. मग शालनताईंनी वही मागितली.

"त्यात त्रेचाळीस तक्रारी माझ्या आहेत. सगळ्या मिटल्यात. आणा, सह्या करते."

गानूंनी वही काखेत घट्ट धरली. "आज सही केलीत तर आजची तारीख पडेल, शालनताई. सुनावणीच्या आदल्या दिवशीची. ते सह्या गोळा केल्यासारखं दिसेल."

"मग मागची तारीख घालते."

"ते खोटं होईल."

शालनताई वळल्या आणि जिना चढून गेल्या. संपत भिंतीशी नळी गुंडाळत होता. तो म्हणाला, "वहीच नेऊ नका सर उद्या. साप निघाल्यावर मानूस काठी हुडकतं, सापाची जनमपत्रिका न्हाई वाचत." गानू हसले. म्हणाले, अरे, वही हीच आपली बाजू आहे. कोणत्या क्लबनं शेजाऱ्याचं इतकं ऐकलंय?

दुसऱ्या दिवशी ते धुतलेल्या पंच्यात गुंडाळून वही घेऊन गेले. संस्थेच्या कार्यालयात लांब टेबल, एका बाजूला नीरजा आणि सोसायटीचे दोघं, समोर रविराज. वय असेल पस्तीस, बोलणं मऊ. नीरजानं निवेदन वाचलं आणि स्वतःहून सांगितलं की क्लबनं बरंच ऐकलंय, सातची वेळ पाळली तर त्यांची हरकत नाही. गानूंना वाटलं, प्रयोग रंगला. त्यांनी पंचा सोडला आणि वही टेबलावर ठेवली. रविराजनं ती सावकाश चाळली.

"एकूण तक्रारी किती, सर?"

"तीनशे बारा."

"त्यांतल्या बिनबुडाच्या?"

गानूंनी चष्मा पुसला. इथं दुसरा कुणी असता तर म्हणाला असता की निम्म्या. "एकतीस," ते म्हणाले. "कुत्री, पाणी, पोस्टमन. बाकी योग्य होत्या."

"म्हणजे दोनशे एक्क्याऐंशी वेळा त्रास झाला, हे क्लबलाच मान्य आहे."

"झाला आणि दूर केला. चौथा रकाना पाहा."

"चौथा तुमच्या हातचा आहे. मी पाचवा बघतोय." त्यानं पानं उलटली. पहिल्यापासून शेवटपर्यंत उभा पांढरा पट्टा. "एकही सही नाही. हे असं का?"

"समाधान झालं की माणूस घरी बसतो, साहेब. सही करायला जिना उतरत नाही."

टेबलाभोवतीचे सगळे हसले, नीरजासुद्धा. आयुष्यात कधी न मिळालेली दाद गानूंना त्या वाक्याला मिळाली, आणि तेच वाक्य वाया गेलं. रविराजही हसला. मग मोबाइल काढून त्यानं एकेका पानाचा फोटो घेतला. गानू त्याला पानं नीट धरून देत होते. निघताना तो मनापासून म्हणाला, "सर, इतकं क्लिअर रेकॉर्ड आमच्याकडे दुसऱ्या कुणाचंच नाही."

आठ दिवसांनी पत्र आलं. 'क्लबने स्वतःच्या अभिलेखात मान्य केलेल्या २८१ तक्रारी, तसेच एकाही तक्रारदाराची समाधानदर्शक नोंद नसणे, या बाबी विचारात घेता परवानगीचे नूतनीकरण करता येत नाही.' सातच्या वेळेचा त्यात उल्लेखच नव्हता. गानूंनी पत्राच्या कोपऱ्यात आवक क्रमांक घातला, तारीख घातली आणि उत्तराचा मसुदा करायला बसले. कागद कोराच राहिला. पहिल्यांदाच त्यांना एका पत्राला उत्तर सुचलं नाही.

बेचाळीस मुलं पांगली. काही वाघोलीला गेली आणि महिन्याभरात थकून थांबली. पाचला पाच कमी असताना गानू घरी बूट घालून खुर्चीत बसत, साडेसातला काढून ठेवत.

दिवाळीनंतर मैदानाभोवती लोखंडी खांब आले, त्यांना हिरवी जाळी आली, मातीवर प्लॅस्टिकचं गवत आलं. संस्थेनं मैदान एका व्यावसायिकाला करारानं दिलं होतं. तासावर भाड्यानं घ्यायचं, खेळायचं, जायचं. दिवे असे की शालनताईंच्या स्वयंपाकघरात ओट्यावरचा मोहरीचा दाणन्‌दाणा दिसावा. गोल झाला की भोंग्यातून गाणं. फाटकावर निळ्या गणवेशात संपत. गानूंना तो एकदा रस्त्यात भेटला तर नजर चुकवून म्हणाला, "माजं काय सर, पयल्यापासून जमिनीसंगं. ज्याची जमीन त्याचा मी."

एका संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला गानूंच्या दारावर नीरजा आणि शालनताई उभ्या होत्या. दोन गल्ल्या सोडूनही भोंगा ऐकू येत होता. नीरजानं पाणीही घेतलं नाही. ती म्हणाली की आम्हाला मैदान बंद नको होतं काका, फक्त सातची वेळ हवी होती, आता रात्रीपर्यंत चालतं. त्या लोकांच्या ॲपवर तिनं अकरा तक्रारी टाकल्या होत्या.

"दुसऱ्या दिवशी आपोआप मेसेज येतो, तुमच्या तक्रारीचं समाधानकारक निराकरण झालंय. कुणी विचारतसुद्धा नाही. पाचवा रकाना मशीनच भरतं." ती जरा थांबली. "ती वही अजून आहे का?"

वही कपाटात होती, पंच्यात. गानूंनी ती टेबलावर मांडली, चष्मा लावला. अनुक्रमांक तीनशे तेरा. तारीख घातली. नीरजा सांगत गेली, ते लिहीत गेले: दिवे, भोंगा, शिव्या, गाड्या. एकही शब्द गाळला नाही. चौथ्या रकान्यात त्यांनी 'तक्रार योग्य' लिहिलं आणि पेन तिथंच थांबलं. पुढं लिहिण्यासारखं त्यांच्या हातात काहीच नव्हतं. नीरजानं ते पाहिलं आणि मान खाली घातली. तिला माफी मागायची होती की काय कोण जाणे. तिचा फोन वाजायला लागला आणि ती बोलत बोलत जिना उतरून गेली.

शालनताई बसून राहिल्या. मग त्यांनी वही स्वतःकडे ओढली, पार पहिल्या पानापर्यंत उलटली आणि गानूंच्या हातातलं पेन घेतलं. कुरडयांच्या ओळीपुढं, पाचव्या रकान्यात 'शालन देवस्थळी' असं लिहिलं. पान उलटलं. पुढची. बाहेर कुणीतरी गोल मारला असावा, भोंग्यातून गाणं सुरू झालं.

गानूंनी त्यांना अडवलं नाही. त्रेचाळीस सह्यांना बराच वेळ लागणार होता. त्यांनी दिवा जवळ सरकवला, पान हलू नये म्हणून कडा बोटांनी दाबून धरली आणि हळूच म्हणाले, "तारीख राहिली, शालनताई. आजचीच घाला."